झाडाभोवतीची हातभर माती

शहरातल्या झाडांविषयी आपण बहुधा दोनच प्रसंगी बोलतो : झाड लावताना आणि झाड तोडताना. पहिल्या प्रसंगी छायाचित्र निघते, दुसऱ्या प्रसंगी मोर्चा निघतो. या दोन प्रसंगांच्या मध्ये झाडाचे जे चाळीस, पन्नास, कधी शंभर वर्षांचे आयुष्य असते, त्याचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. कागदपत्रेही त्या बाबतीत कंजूष असतात. झाड कुणाच्या परवानगीने पडले हे दप्तरात सापडते. पहिल्या तीन उन्हाळ्यांत त्याला पाणी कुणी घातले हे सापडत नाही.

प्रस्तुत लेखात मी ही दुसरी बाजू चाचपून पाहणार आहे. ठाणे शहराच्या माजिवडा या भागाभोवती ती मांडतो, कारण गेल्या दीडदोनशे वर्षांत झाडांचे जे जे सांभाळणारे आपल्याकडे झाले, गावकरी, सरकारी रस्तेखाते, कारखान्याचा माळी, महापालिका आणि गृहनिर्माण सोसायटी, ते सगळे या परिसरात पायी फिरता येईल एवढ्या टप्प्यात भेटतात. एका अंगाला बाळकुम-कोलशेतची खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर, आणि मध्ये कापूरबावडीपाशी एकत्र येणारे तीन मोठे रस्ते : मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा जुना आग्रा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता. पुलाखालच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला इथे एके काळी भातशेती होती हे सांगून पटत नाही. पण माजिवडा गाव अजून आहे, आणि त्याच्या गावठाणातल्या वाकड्या गल्ल्याही आहेत.

नावात उरलेली झाडे

माजिवडा किंवा जुन्या बोलण्यातले माजिवडे म्हणताना कानाला 'वड' ऐकू येतो. पण कान हा पुरावा नव्हे; वाडा, वाडे, वडे अशी वस्तीवाचक पदे कोकणात जागोजाग आहेत. तेव्हा या एका नावावर इमला रचण्यापेक्षा आजूबाजूची निःसंशय नावे घ्यावीत. ठाण्यातच बाजारपेठेत जांभळी नाका आहे. घोडबंदर रस्त्यावर वडवली आहे. कल्याणकडे गेले की आंबिवली, उंबर्डे आणि चिंचपाडा लागतात. भिवंडीजवळ पिंपळास आहे. उलट दिशेने मुंबईत शिरले की वडाळा, चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी.

ही यादी मी बरीच वर्षे वाढवत आलो आहे आणि त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. वड, पिंपळ, उंबर, चिंच, आंबा, जांभूळ, फणस एवढीच झाडे पुन्हा पुन्हा येतात. सगळी दीर्घायुषी, सगळी माणसाच्या पोटाशी, सावलीशी किंवा देवाशी बांधलेली. गावाला नाव देण्याइतके झाड मोठे होईपर्यंत निदान दोन पिढ्या जाव्या लागतात. म्हणजे अशा प्रत्येक नावामागे एक न नोंदलेली गोष्ट गृहीत आहे : दोन पिढ्या त्या झाडावर कुऱ्हाड चालली नाही, आणि कुणीतरी ती चालू दिली नाही. आजकाल 'गुलमोहर' किंवा 'अशोक' नावाची इमारत आधी होते आणि झाड नंतर लावले जाते. नावांचा क्रमच उलटा झाला.

आज्ञापत्रातला मालक

मराठीत झाडांच्या संरक्षणाची गोष्ट निघाली की आज्ञापत्राचा दाखला येतोच. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखला जाणारा हा राजनीतीचा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा, करवीरच्या गादीच्या काळातला. आरमाराच्या प्रकरणात जहाजांच्या लाकडाचा विषय निघतो आणि तिथे अमात्य सांगतात की आंबा, फणस यांसारखी झाडे आरमाराच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये. हा उतारा सुभाषितासारखा वापरला जातो, पण त्यातला युक्तिवाद नीट पाहिला जात नाही.

अमात्यांचे म्हणणे पर्यावरणाचे नाही. झाडांनी पाऊस पडतो, हवा शुद्ध होते असे ते म्हणत नाहीत. ते म्हणतात की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लावून पोटच्या लेकरांसारखी दीर्घकाळ वाढवलेली असतात, आणि ती तोडल्यावर त्या माणसांच्या दुःखाला पार राहत नाही. म्हणजे झाडाची किंमत त्याच्या लाकडात नसून त्याच्यावर खर्च झालेल्या माणसाच्या वर्षांत आहे. अपवादही सांगितला आहे : झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष करून मग तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

इथे तीन गोष्टी एकत्र आहेत. झाडाला सांभाळणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याची संमती लागते, आणि मोबदला द्यायचा तो त्या माणसाच्या हातात द्यायचा. पुढे आपण जे कायदे केले त्यांत संमती राहिली आणि मोबदलाही राहिला. गहाळ झाला तो माणूस.

ऐतिहासिक शिस्तीसाठी एक खुलासा करायला हवा. आज्ञापत्र लिहिले गेले तेव्हा ठाणे आणि साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. मराठ्यांनी ठाणे घेतले १७३७ मध्ये, आणि १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. त्यामुळे माजिवड्याच्या आंब्या-फणसांना ही आज्ञा प्रत्यक्षात लागू असण्याचा काळ फार तर चार दशकांचा. पण आज्ञा वाचून लोक झाडे सांभाळत होते असे कुठे आहे? लोक सांभाळत होते म्हणून राज्यकर्त्याला आज्ञेत तसे लिहावे लागले.

आळे, पार आणि राब

गावातली जोपासना कशी होत असे हे सांगायला जुने शब्दच पुरेसे आहेत. रोपाभोवती करायचे ते आळे. जनावरांपासून राखायला लावायची ती काट्यांची झापे. वड-पिंपळ मोठा झाला की त्याला बांधायचा तो पार. जुन्या रीतीचा पार म्हणजे कडेने दगडांची रचाई आणि आत मातीची भर. माणसांना बसायला जागा झाली आणि बुंध्याभोवतीची माती मोकळी राहिली. चुना-सिमेंटाने लिंपलेला, वर फरशी बसवलेला आजचा कट्टा हा पाराचा वंशज दिसतो खरा, पण त्याचे काम अगदी उलटे आहे. तो माती झाकतो.

पिंपळाची मुंज हा विधी आता जवळपास विस्मरणात गेला. पिंपळ लावून, वाढवून, त्याची बटूसारखी मुंज लावायची, पुढे तुळशीशी त्याचे लग्नही करायचे. याला भाबडेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण सामाजिक व्यवहार म्हणून पाहिले तर मुंज लावणे म्हणजे हे झाड आता आमच्या घरचे राहिले नाही, गावाचे झाले, असे चारचौघांत जाहीर करणे होते. त्या दिवसापासून ते तोडणारा एका घराचा नव्हे, गावाचा अपराधी. आजच्या भाषेत ती सार्वजनिक नोटीसच होती, मात्र तोडण्याची नव्हे, राखण्याची.

याच्या शेजारी राबाची गोष्ट ठेवायला हवी, नाहीतर गावगाड्याचे चित्र फार गोड होईल. ठाणे जिल्ह्यातला भातशेतकरी रोपे टाकण्याआधी जमीन भाजत असे. ऐनासारख्या झाडांच्या टहाळ्या उतरवायच्या, वाळवायच्या, शेण, गवत, पाला यांच्याबरोबर वाफ्यावर थर लावून पेटवायच्या, वरून मातीचा हलका थर द्यायचा. हा राब. इंग्रजी जंगलखात्याच्या नजरेला ही झाडांची नासधूस दिसली. शेतकऱ्याचे म्हणणे असे की टहाळ उतरवलेले झाड पुन्हा फुटते, आणि पुढच्या साली मला तेच झाड हवे आहे, तर मी ते मारीन कशाला? १८७८ च्या जंगल कायद्यानंतर हा वाद इतका पेटला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यावर जे कोरडे ओढले तेही याच दशकातले, १८८३ चे.

राबाने काही रानांची हानी झाली असेलही. पण या वादातून एक विभागणी कायमची झाली. आतापर्यंत झाड वापरणारा आणि झाड राखणारा एकच होता. आता वापरणारा संशयित झाला आणि राखणारा पगारी. त्याच सुमाराच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांवरचा करही वाढला आणि माड छेदण्याला परवाना लागू लागला. भंडाऱ्याच्या लेखी जे झाड घरातल्या माणसासारखे होते ते सरकारच्या लेखी वसुलीची बाब झाले. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये जिल्ह्यातल्या झाडांची यादी स्थानिक नावांनिशी दिली आहे. झाडाची माहिती इतकी तपशीलवार छापली जात होती, त्याच वर्षांत त्याचा जुना सांभाळणारा हद्दीबाहेर होत होता.

रस्ता आणि कारखाना

आग्रा रस्त्यासारख्या हमरस्त्यांच्या दुतर्फा सावलीची झाडे लावण्याची रीत जुनी. इंग्रजी अमदानीत ती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामाचा भाग झाली. वड, चिंच, आंबा ही झाडे बैलगाडीच्या वेगासाठी योग्य होती. गाडीवान दुपारी थांबे, बैल सोडी. चिंचा-आंब्यांचे लिलाव होत, त्यामुळे खात्यालाही झाड जगण्यात थोडा रस असे. मोटार आल्यावर सावलीची गरज सरली, रुंदी वाढल्यावर कडेचे झाड मधोमध आले, आणि 'वाहतुकीला अडथळा' हे शब्द झाडाच्या वाट्याला आले.

ठाण्याच्या बाबतीत मात्र मधल्या एका सांभाळणाऱ्याची नोंद घ्यायलाच हवी, कारण त्याचे ऋण कुणी मानत नाही. तो म्हणजे कारखान्याचा माळी. १९२५ पासूनची रेमंड गिरणी, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची वागळे इस्टेट, पोखरण रस्त्यावरचे कारखाने, कोलशेत रस्त्यावरच्या रसायन कंपन्या. शेतजमिनी गेल्या, गावकऱ्यांची पोरे पाळीला लागली. पण या कंपन्यांची आवारे मोठी होती आणि आत झाडे होती. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, पीतमोहोर, अशोक. देशी फार थोडी, पण झाडे होती, आणि त्यांच्यासाठी पगारपत्रकावर माणूस होता. आळे करणारा, वाळवी पाहणारा, फांदी नेमकी कुठून उतरवायची हे हातानेच समजलेला. कंपनीला हिरवळीची हौस होती, की परदेशी पाहुण्यांसाठी शोभा हवी होती, हा भाग वेगळा. तीसचाळीस वर्षे ती झाडे जगली ती त्या माळ्यामुळे.

कारखाने गेले तशी आवारे विकली गेली. कोलशेत रस्त्यावर क्लॅरियंटच्या जागेवर आज मोठी वसाहत उभी आहे. याच कोलशेत-ढोकाळी पट्ट्यात साडेवीस एकरांचे मोठे उद्यान २०२४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते सुंदर आहे आणि ठाणेकरांना त्याची गरज होतीच. पण तिथल्या झाडाला कुंपण आहे, तिकीट आहे, ठिबक आहे. कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या झाडाला यातले काहीच नाही. माझा विषय हे दुसरे झाड आहे.

परवानगीचा कायदा

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महापालिका अस्तित्वात आली. १८६३ पासूनच्या नगरपालिकेला आजूबाजूची गावे जोडली गेली, त्यांत माजिवडाही आले. आज माजिवडा-मानपाडा ही महापालिकेची एक प्रभाग समिती आहे. या गावांतली झाडे त्या दिवशी एका नव्या कायद्याच्या कक्षेत गेली : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५.

हा कायदा चांगला आहे, हे आधी सांगतो. खासगी जागेतले झाडसुद्धा मालकाला मनमानीने तोडता येणार नाही, हे शहरांपुरते त्याने ठरवले. वृक्ष प्राधिकरण नेमले, आयुक्तांना अध्यक्ष केले, वृक्ष अधिकारी दिला. झाड तोडायचे तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि त्या झाडाच्या दर्शनी भागावरही नोटीस लावायची अशी तरतूद केली. ठरावीक काळाने वृक्षगणना करायची. रोपवाटिका, लागवड, संगोपन हेही प्राधिकरणाच्या कर्तव्यांच्या यादीत आहे. खर्चासाठी वृक्ष उपकर बसवण्याचा अधिकार दिला. आपल्या मालमत्ता कराच्या देयकात त्याची ओळ असते. वाचकांनी एकदा काढून पाहावी. तोडण्यासाठी पैसे भरणारे थोडे असतात, सांभाळण्यासाठी आपण सगळेच भरतो.

पण कायदा कागदावर असतो तसा कामकाजात राहत नाही. प्राधिकरणापुढे अर्ज येतात ते तोडण्याचे, छाटण्याचे, उपटून दुसरीकडे लावण्याचे. 'या रस्त्यावरच्या झाडांची आळी मोकळी करा' असा प्रस्ताव कुणाच्या विकासाच्या आड येत नाही, म्हणून तो तातडीचाही होत नाही. विरोध करणारे नागरिकही तोडण्याच्या नोटिशीवरच जागे होतात, कारण नोटीस तेवढीच निघते. ठाण्यात हे मेट्रो ४ च्या निमित्ताने दिसले. वडाळा ते कासारवडवली या मार्गावर माजिवडा आणि कापूरबावडी ही दोन्ही स्थानके आहेत. वृक्षतोडीला ठाणेकरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, काही काळ स्थगिती मिळाली, २०१९ च्या अखेरीस ती उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरे वसाहतीत दोन हजारांवर झाडे रातोरात पडली आणि सर्वोच्च न्यायालयाचा 'थांबा' असा आदेश ती पडल्यावर आला. या लढ्यांचे मोल मी कमी करत नाही. नोटिशीवर हरकत घेणारा माणूस नसता तर कायदा केव्हाच निव्वळ शिक्का झाला असता. माझे म्हणणे एवढेच की हरकतीची मुदत संपल्यावर उरलेल्या झाडांकडे वळणारे फार थोडे असतात.

याच वृक्ष प्राधिकरणातर्फे ठाण्यात फुलझाडांचे आणि वृक्षांचे प्रदर्शन भरते. त्याचे नाव 'वृक्षवल्ली'. तुकोबांच्या शब्दाची आठवण देणाऱ्या या प्रदर्शनाला गर्दी लोटते, कुंड्या विकल्या जातात. ठाणेकराला झाडांचे प्रेम नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. प्रेम कुंडीत आहे, गॅलरीत आहे. ते खाली उतरून रस्त्यावर यायचे राहिले आहे.

सिमेंटचे गळफास

झाडाची पोसणारी मुळे खोल पाताळात जातात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीत आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातले की दोन्ही तुटतात. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्या झाडाच्या मुळाशी तो पोचत नाही. गटारातून थेट खाडीला जातो. मग केबलसाठी चर खणताना एका बाजूची आधारमुळे छाटली जातात. मग मे महिन्यात तारांच्या बाजूच्या फांद्या उतरवल्या जातात आणि झाडाचा तोल दुसरीकडे जातो. जुलैच्या वाऱ्यात ते कोसळते आणि बातमी येते की 'सोसाट्याच्या वाऱ्याने झाड उन्मळून पडले'. वाऱ्याचे नाव होते. चर खणणाऱ्याचे होत नाही.

झाडांच्या जातींचाही यात भाग आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण भागातला. भराभर वाढतात, सावली लवकर देतात, म्हणून आपण त्यांची रांग लावली. गेल्या दहापंधरा वर्षांत पिठ्या ढेकणाने मुंबई परिसरातल्या पर्जन्यवृक्षांचे सांगाडे केले. पण वड-पिंपळ काँक्रीटमध्ये सुखी आहेत असे नाही. ते चिवट आहेत, एवढेच. चिवट झाडाचे हाल लवकर दिसत नाहीत.

हे निव्वळ झाडांचे दुखणे असते तर कुणी फार मनावर घेतले नसते. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड पडले आणि त्यात तिचा जीव गेला. ते झाड काढू द्यावे असा अर्ज आधी झाला होता. तपासणीत ते धोकादायक ठरले नव्हते. अशा घटनेनंतर दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणतो, सगळी जुनी झाडे काढा. दुसरा म्हणतो, परवानगी आणखी कडक करा. मधला मार्ग, म्हणजे झाड जिवंत आहे तोवर दरवर्षी जाणत्या माणसाने त्याच्या मुळाशी वाकून पाहावे, हा कुणाच्याच मागणीत नसतो. त्यात ना कापण्याचा निकाल आहे ना वाचवल्याचा विजय. ते नुसते काम आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने मात्र २३ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीतल्या झाडांबाबत नेमके या कामावर बोट ठेवले. झाडाभोवती एक मीटरच्या आतले काँक्रीट काढून टाका, झाडांवरचे फलक, खिळे, तारा काढा, असा आदेश दिला. पुढे देशभर नागरिकांनी आपापल्या शहरांत याचा दाखला दिला. एक मीटर म्हणजे जुन्या मापाने जेमतेम दोन हात. जे आळे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागले नाही, ते आता आपल्याला न्यायाधिकरणाच्या आदेशात वाचावे लागते.

माजिवडा ते कापूरबावडी या टापूत फिरताना मला दोन्ही नमुने दिसतात. काही बुंध्यांभोवती अलीकडे चौकोन मोकळा केलेला आहे. त्यात गवत उगवते, क्वचित कुणी तुळसही लावलेली असते. काहींचे खोड सिमेंटच्या काठाला घासून फुगले आहे, गळ्यात घट्ट झालेल्या कडीसारखे. वटपौर्णिमेला याच फुगलेल्या खोडांना नवा दोरा गुंडाळला जातो. जिथे वड उरला नाही तिथे बाजारातून फांदी आणली जाते, म्हणजे वडाच्या पूजेसाठी कुठला तरी वड ओरबाडला जातो. या चालीची चेष्टा मला करवत नाही. वर्षातून एक दिवस का होईना, त्या झाडाला प्रदक्षिणा घालायला एवढ्या बाया येतात. त्यांच्यापैकी दहा जणींनी जरी पायाखालच्या फरशीकडे पाहून 'ही इथे कशाला?' असे विचारले, तरी त्या प्रभागाचे काम होऊन जाईल.

वयाइतकी रोपे

२०२१ मध्ये १९७५ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. एक झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची असे ठरले. सत्तर वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात सत्तर रोपे. ती सात वर्षे सांभाळण्याची जबाबदारीही टाकण्यात आली. मला या दुरुस्तीत वयाच्या हिशेबापेक्षा ही सात वर्षे मोलाची वाटतात. आज्ञापत्रानंतर प्रथमच आपल्या कायद्याने झाडावर खर्च झालेल्या माणसाच्या वर्षांचा उल्लेख केला. तोडणाऱ्याने आता नुसते लाकडाचे नाही, काळाचे देणे फेडायचे आहे.

पण सत्तर रोपे लावायची कुठे? माजिवड्यासारख्या भागात मोकळी माती उरलीच किती? ती रोपे मग शहराच्या टोकाला, डोंगराच्या उतारावर जातात आणि ज्या रस्त्याची सावली गेली तो रस्ता उघडाच राहतो. शिवाय सात वर्षांनंतर काय, हा प्रश्न राहतोच. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाच्या एका वर्षाची किंमत ७४,५०० रुपये काढली होती. प्राणवायू, खत वगैरे धरून केलेला तो हिशेब वादग्रस्त असेल. पण तो खरा धरला, तर रस्त्यावरच्या पन्नास वर्षांच्या एका झाडात सदतीस लाखांवर रुपये उभे आहेत. एवढ्या किमतीच्या सार्वजनिक मालमत्तेची वर्षातून एकदा पाहणी न करणारी संस्था आपण दुसऱ्या कुठल्या बाबतीत खपवून घेतली असती?

सोसायट्यांच्या आवारातली झाडे हा आता शहरातल्या हिरवाईचा मोठा वाटा आहे, आणि तिथला सांभाळणारा म्हणजे बदलती कमिटी. एक कमिटी झाडे लावते, दुसरी पार्किंग वाढवायला आवारभर फरशी टाकते, तिसरी पावसाळ्यात घाबरून छाटणीचा अर्ज करते. तिघांच्याही मनात वाईट काही नसते. सभेच्या इतिवृत्तात लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार असतो, पाण्याच्या टाकीचा असतो. झाडांचा नसतो.

मुंबईच्या २०१८ मध्ये पुऱ्या झालेल्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांवर झाडे मोजली गेली, म्हणजे ढोबळमानाने चार माणसांमागे एक झाड. अशा गणनांत झाडाची जात, घेर, उंची, प्रकृती यांची नोंद होते. कारभारात जे मोजले जाते तेच सांभाळले जाते, हा राबाच्या काळापासूनचा अनुभव आहे : ताडाचा कर मोजला म्हणून ताडाकडे लक्ष होते. तेव्हा यापुढच्या गणनेत एक रकाना वाढवण्याची मागणी ठाणेकरांनी आणि कल्याण-डोंबिवलीकरांनी करावी असे मला सुचवावेसे वाटते. बुंध्याभोवती उघडी माती किती, तेवढाच. शून्य, वीत, हात, दोन हात. तो भरायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतली मुलेही पट्टी घेऊन मोजू शकतील. एकदा शून्यांची यादी प्रभागवार समोर आली की उपकराचा हिशेब विचारायला नागरिकांच्या हाती काहीतरी ठोस येईल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असेल, माती अजून ओली असेल. आळी खणायला हेच दिवस बरे. वैशाखात जमीन फरशीइतकीच कडक होते.